बापाचे उत्पन्न आणि लेकराची पोटगी

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या बापाचे उत्पन्न न्यायालयाला एका पगारपत्रकावरून कळते. त्याच गावात चार एकर सोयाबीन पेरणाऱ्या, दोन म्हशी सांभाळणाऱ्या आणि सुगी संपली की भावाच्या ट्रॅक्टरवर जाणाऱ्या बापाचे उत्पन्न मात्र तारखांवर तारखा पडूनही कळत नाही. नांदेड-लातूरकडच्या पोटगीच्या प्रकरणांत कलमावरून भांडण क्वचितच होते. बापाने लेकराला पोसले पाहिजे हे दोन्ही बाजूंचे वकील मान्य करूनच उभे राहतात. भांडण असते ते एका आकड्यावर: हा माणूस महिन्याला कमावतो किती?

हा प्रश्न पूर्वी इतका मोठा नव्हता. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये, १९७३ च्या मूळ कायद्यानुसार, दरमहा पाचशे रुपयांच्या वर पोटगी देताच येत नव्हती. बाप पाच हजार कमावतो की पन्नास हजार, याने निकालात फारसा फरक पडत नसे. २००१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा उठली आणि उत्पन्नाचा पुरावा हाच प्रकरणाचा गाभा झाला. १ जुलै २०२४ पासून त्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. बोलण्यात मात्र अजून ‘एकशे पंचवीसची केस’च चालते. जिल्ह्याच्या ठिकाणी कुटुंब न्यायालय आणि मुखेड, देगलूर, उदगीर, निलंगा अशा तालुक्यांना प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, अशी ही प्रकरणे विभागलेली असतात. बाप पुण्याला कंपनीत असला तरी आई माहेरी जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. धर्माची अट नाही. मुस्लिम बापावरही मुलांच्या पोटगीची जबाबदारी याच कलमाने येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच स्पष्ट केले. आईबापाचे लग्न झालेले नसले तरी लेकराचा हक्क तोच. हिंदू विवाह कायदा, १९५६ चा दत्तक व निर्वाह कायदा आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा याही वाटा आहेत. कुठल्याही वाटेने गेले तरी शेवटी उत्पन्नाच्या आकड्यापाशीच यावे लागते.

नोकरदार बापाचा हिशेब त्यातल्या त्यात सरळ असतो. एकूण पगारातून आयकर, व्यवसाय कर, भविष्य निर्वाह निधीची सक्तीची वर्गणी अशा कायद्याने होणाऱ्या कपाती वजा करून उरेल ते हातातले उत्पन्न धरतात. वाद होतो तो पतसंस्थेच्या हप्त्यावरून. प्रकरण दाखल झाल्यावर शिक्षक किंवा कर्मचारी पतसंस्थेतून मोठे कर्ज काढायचे, विम्याचा हप्ता वाढवायचा आणि पगारपत्रकावर शेवटी आठ-दहा हजारच उरलेले दाखवायचे, ही चाल आपल्याकडच्या प्रत्येक वकिलाला ठाऊक आहे. स्वतःच्या मर्जीने घेतलेल्या कर्जाचा हप्ता लेकराच्या वाट्यातून वजा होत नाही, अशीच न्यायालयांची साधारण भूमिका आहे आणि ती योग्य आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय याच्याही पुढे गेले. कर्ज देणाऱ्या बँकांच्या आणि इतर धनकोंच्या हक्कापेक्षा पोटगीचा हक्क वरचा, असे त्याने एका प्रकरणात म्हटले.

पगारपत्रक मिळवणे हीसुद्धा कधी काळी लढाई होती. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून माहिती अधिकारात नकार यायचा. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोटगीच्या वादात नवऱ्याच्या पगाराचा तपशील ही निव्वळ खासगी बाब राहत नाही, असे ठरवले. सरकारी आणि निमसरकारी नोकरांपुरता तो रस्ता त्यामुळे मोकळा झाला.

पण दिसणाऱ्या पगाराची एक दुसरी बाजूही आहे, आणि ती नांदेडच्याच एका प्रकरणात उघडी पडली. तिथल्या दिवाणी न्यायालयाने घटस्फोटानंतर शिक्षिका असलेल्या पत्नीला पतीसाठी दरमहा तीन हजार रुपये अंतरिम निर्वाहभत्ता द्यायला सांगितले. थकबाकी फेडण्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी तिच्या पगारातून दरमहा पाच हजार कापावेत, असाही आदेश झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठात न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी हे दोन्ही आदेश कायम ठेवले. पत्नीचे म्हणणे होते की पतीचे किराणा दुकान आहे, ऑटोरिक्षा भाड्याने दिलेला आहे आणि मुलगी आपल्यावर अवलंबून आहे. हे प्रकरण मुलाच्या पोटगीचे नाही, पण आपल्या प्रश्नाला थेट भिडते. शिक्षिकेचा पगार कागदावर होता. किराणा दुकानाचा गल्ला आणि रिक्षाचे भाडे हे पत्नीच्या तोंडी आरोपातच होते. ज्याचे उत्पन्न कागदावर असते त्याच्याकडून वसुली सोपी होते आणि ज्याचे रोखीत असते तो सुटण्याची शक्यता वाढते. मुलाच्या पोटगीत याच कारणाने लेकराचे नुकसान होते, कारण आपल्याकडे बहुतेक बाप पगारदार नाहीत.

या अडचणीवर सगळ्यात मोठा उपाय सुचवणारा निकाल नागपूरच्या एका प्रकरणातून आला. तिथल्या कुटुंब न्यायालयाने मुलासाठी आधी पाच हजार आणि नंतर दहा हजार रुपये अंतरिम पोटगी ठरवली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा व न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा निकाल दिला. निव्वळ अंतरिम पोटगीचा अर्ज सात वर्षे रेंगाळला, हे न्यायालयाने खेदाने नोंदवले. एक बाजू गरजा फुगवून सांगते, दुसरी उत्पन्न दडवते आणि न्यायाधीशाला अंदाज बांधावा लागतो, ही देशभरची रीत न्यायालयाला मोडायची होती. म्हणून दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता, देणी यांचे सविस्तर शपथपत्र द्यायचे, उत्तरासाठी चार आठवडे आणि चालढकल केली तर त्याचा प्रतिकूल अर्थ काढायचा, असे ठरले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, हेही त्याच निकालाने पक्के केले. शपथपत्राचे हे बंधन नीट पाळले जात नाही, हे लक्षात आल्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते पुन्हा एकदा बजावावे लागले.

त्या निकालाला जोडलेल्या नमुन्यांबद्दल मला विशेष सांगायचे आहे. पहिला नमुना शहरी, नोकरी-धंद्यातल्या माणसासाठी आहे. दुसरा खास शेतीवर जगणाऱ्यांसाठी आहे, आणि तो वाचताना आपल्या भागाचीच प्रश्नावली समोर ठेवल्यासारखी वाटते. जमीन किती, कुठे, कोणाच्या नावावर? बागायत की कोरडवाहू? पिके कोणती घेता? जमीन बटईने दिली-घेतली आहे का? मागच्या तीन वर्षांचे उत्पन्न काय? म्हशी, गायी, शेळ्या, कोंबड्या किती आणि त्यांच्यापासून किती सुटते? जमिनीवर कर्ज किती? शेतीच्या दाव्यातही शहरी नमुनाच भरून दिला, तर ‘वेतन: लागू नाही’, ‘आयकर विवरणपत्र: लागू नाही’ असे लिहून बाप मोकळा होतो. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्याने विवरणपत्र नसणे स्वाभाविकच. शेतकऱ्याच्या प्रकरणात दुसरा नमुना मागणे हे अर्जदाराच्या वकिलाचे पहिले काम आहे, आणि वकिलाने मागितला नाही तर न्यायालयाने स्वतःहून मागावा.

शपथपत्रात खोटे लिहिले तर? तिथे गावचे दप्तर कामाला येते. मराठवाड्यात शेतीचे उत्पन्न दडवणे वाटते तितके सोपे राहिलेले नाही. सातबारा ऑनलाइन दिसतो. त्यातल्या गाव नमुना बारामध्ये पीक दिसते, आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीत ती नोंद शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून करतो, म्हणजे ‘यंदा पडीक होते’ म्हणणाऱ्याला त्याचीच नोंद दाखवता येते. आठ-अ उताऱ्यावर एकूण धारणा कळते. फेरफारावरून प्रकरण दाखल झाल्यावर जमीन आईच्या किंवा भावाच्या नावावर गेली का, तेही कळते. कारखान्याला ऊस गेला असेल तर बिल बँक खात्यात येते. हमीभावाने सोयाबीन किंवा तूर दिली असेल तर खरेदी केंद्राची ऑनलाइन नोंदणी असते. पीकविमा, पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार, राज्याच्या नमो सन्मानचे सहा हजार, सगळे खात्यातून जाते. दुधाची बिले संकलन केंद्रावर असतात. आडत दुकानाची पट्टी तेवढी हाती लागायला कठीण, कारण ती बापाच्याच खिशात असते.

आता आकड्याकडे येऊ. समजा लातूर जिल्ह्यात चार एकर कोरडवाहू जमीन आहे आणि एकरी सात क्विंटल सोयाबीन झाले. एकूण २८ क्विंटल. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या हिशेबाने १,४९,१८४ रुपये होतात. अर्जदाराची बाजू हाच आकडा बाराने भागून सांगेल, महिना १२,४३२ रुपये. बाप म्हणेल, हमीभाव मिळाला कोणाला, मी तर बाजारात ४,२०० ने घातले. मग १,१७,६०० झाले. बियाणे, खत, फवारणी, खुरपणी, काढणी-मळणी धरून एकरी १८,००० खर्च मांडला तर ७२,००० गेले. उरले ४५,६०० रुपये, म्हणजे महिना ३,८००. शेत तेच, हंगामही तोच, आणि आकडा कुठे ३,८०० तर कुठे १२,४३२. दोन्ही बाजू खोटे बोलतात असेही नाही. एक उलाढाल सांगते, दुसरी नफा. न्यायालयाने निकालात फक्त ‘शेतीचे उत्पन्न पाहता’ असे शब्द घातले तर यातला कोणता आकडा धरला ते कोणालाच कळत नाही, आणि वरच्या न्यायालयाला तपासायलाही काही उरत नाही. क्षेत्र, उतारा, भाव आणि खर्च या चार गोष्टी आदेशात लिहाव्यात, एवढी माझी साधी अपेक्षा आहे. अर्ध्या पानाचे काम आहे.

त्यातही हा हिशेब एका पिकाचा झाला. पाणी असेल तर रब्बीचा हरभरा, घरी ठेवलेली ज्वारी आणि डाळ, म्हशीचे दूध, घरभाडे नसणे हे सगळे शेतकऱ्याच्या जगण्यात उत्पन्नच आहे. उलट बाजूने खासगी सावकाराचे व्याजही खरेच असते. आणि हे वर्षही बदलते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात उभी पिके वाहून गेली, जमिनी खरवडल्या. अशा वर्षी अर्ज झाला तर बापाचे उत्पन्न शून्य आणि चांगल्या वर्षी झाला तर भरघोस, असे होऊ नये. शेतीच्या नमुन्यात मागच्या तीन वर्षांचे उत्पन्न विचारले आहे ते यासाठीच उपयोगी पडते. तिन्ही वर्षांची सरासरी काढावी. पुढे कायमचा फरक पडला तर पोटगी वाढवण्या-घटवण्याचा अर्ज कलम १४६ खाली दोघांनाही करता येतो.

जमीन आजोबांच्या नावावर असते, हा दुसरा मोठा अडसर. बाप चाळिशीचा, पेरणी-कापणी तोच करणार, पण सातबाऱ्यावर अजून आजोबा. मग जबाबात ‘माझ्या नावे गुंठाभरही जमीन नाही’ असे शपथेवर येते आणि शब्दशः ते खरेही असते. वडिलोपार्जित जमिनीत त्याचा वाटा किती आणि एकत्र कुटुंबाच्या उत्पन्नातून त्याला काय मिळते, हे इथे पाहावे लागते. नावावर काय आहे यापेक्षा कसतो कोण आणि माल विकतो कोण, हे उलटतपासणीत विचारले की चित्र उलगडते. प्रकरण लागल्यावर घाईघाईने झालेले वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र हा तर स्वतःच एक पुरावा आहे. पोटगीचा बोजा जमिनीवर ठेवण्याची तरतूद १९५६ च्या कायद्यात आहे, आणि तो बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढला की जमीन गुपचूप विकणे अवघड होते.

तहसीलदाराच्या उत्पन्न दाखल्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. शिष्यवृत्ती आणि फी-सवलतीसाठी काढलेला वर्षाला चाळीस-पन्नास हजारांचा दाखला बाप न्यायालयात जोडतो. कधी आईच्या बाजूनेही तसाच दाखला येतो. हा दाखला अर्जदाराच्या स्वयंघोषणेवर आणि तलाठ्याच्या अहवालावर मिळतो, योजनेच्या मर्यादेत बसण्यासाठी काढलेला असतो. केशरी शिधापत्रिकेचे तसेच. पंधरा हजारांच्या वर आणि लाखापर्यंतच्या उत्पन्नाची ती पत्रिका घरात आहे म्हणून कुटुंबाचे उत्पन्न लाखाच्या आतच, असे कोणताही व्यवहार कळणारा माणूस मानणार नाही. असा कागद पुराव्यात घ्यावा, पण शेवटचा शब्द मानू नये.

ज्याच्याकडे जमीनच नाही त्याचे काय? इथे ‘कमावण्याची क्षमता’ हे तत्त्व येते. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायको-मुलांना पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा ठासून सांगितले. बेरोजगार आहे म्हणणे पुरेसे नाही. मग किमान वेतन किंवा रोजगार हमीचा दर हाताशी धरला जातो. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. महिन्याला २६ दिवस धरले तर ८,११२ रुपये. आपल्या चार एकरांच्या सोयाबीनच्या नफ्यापेक्षा हा आकडा दुपटीहून जास्त आहे. म्हणजे शेतीचा तोटा दाखवून बाप सुटत नाही, त्याच्या हाताची मजुरी मोजायची राहतेच. तरीही २६ दिवस काम खरोखर मिळते का, हा प्रश्न न्यायाधीशाने विचारला पाहिजे. उन्हाळ्यात नायगाव-कंधारकडे हाताला काम नसते म्हणूनच माणसे हैदराबाद-पुण्याला जातात.

ऊसतोडीला जाणाऱ्या बापाचा हिशेब याहून वेगळा. मुकादमाकडून उचल एकदम हाती येते आणि पुढचे काही महिने ती फेडण्यात जातात. जबाबात तो उचल ‘कर्ज’ म्हणून सांगतो. खरे तर ती आगाऊ घेतलेली मजुरी आहे. सालगड्याचेही तेच. गुढीपाडव्याला साल ठरते, काही रक्कम आधी मिळते, धान्य वेगळे, आणि सगळे तोंडी. अशा ठिकाणी मुकादम किंवा मालक शेतकरी साक्षीला बोलावला तरच आकडा बाहेर येतो. पुराव्याचा नियम इथे आईच्या बाजूचा आहे: जी गोष्ट एखाद्याच्या खास माहितीतली असते ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. स्वतःचे उत्पन्न बापालाच ठाऊक असते. त्याने लपवले तर न्यायालय अंदाजाने आकडा धरू शकते, आणि अशा वेळी थोडाफार अंदाज चालतो हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मान्य केले आहे. प्रत्यक्षात मात्र सातबारा काढण्यापासून साक्षीदार आणण्यापर्यंत सगळी धावपळ आईलाच करावी लागते, तीही दिवसाचा रोज बुडवून. हा भार जागेवर ठेवणे हे न्यायालयाच्या हातात आहे. तलाठी, कारखाना, बँक यांच्याकडून कागद मागवण्याचे अधिकार त्याला आहेतच.

उत्पन्न ठरल्यावर त्यातला वाटा किती, यालाही आपल्याकडे बांधलेले कोष्टक नाही. १९७० च्या आणि २०१७ च्या निकालांतला पंचवीस टक्क्यांचा आकडा वकील हमखास सांगतात, पण तो पत्नीच्या निर्वाहाबद्दल होता, मुलांच्या नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये कुटुंबाच्या उत्पन्नाचे वाटे पाडण्याची पद्धत सुचवली: कमावत्याचे दोन, बाकीच्या प्रत्येकाचा एक. ब्रिटनमध्ये सरकारी यंत्रणा कर विभागाकडून उत्पन्न घेते आणि ठरावीक पट्ट्यात एका मुलासाठी १२, दोघांसाठी १६ टक्के लावते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ते प्रमाण १७ आणि २५ टक्के आहे. अशी कोष्टके करकक्षेत नसलेल्या शेतीच्या उत्पन्नावर लावता येत नाहीत. आपल्याला आधी उत्पन्नच नीट मोजावे लागेल, टक्के नंतर.

आई कमावती असेल तर? मुलांचा खर्च दोघांनी आपापल्या पगाराच्या प्रमाणात उचलावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितले आणि त्या प्रकरणात दोनास एक असे प्रमाण धरले. अंगणवाडी सेविकेच्या मानधनाकडे बोट दाखवून बापाला हात झटकता येत नाहीत, आणि आई प्राध्यापिका असेल तर सगळा भार बापावरच टाकणेही न्याय्य नाही.

लातुरात खर्चाची बाजूही वेगळी आहे. दहावी झाली की मुलगा-मुलगी ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवणीत, खोली किंवा मेस करून राहणार, हे इथल्या मध्यमवर्गात गृहीत धरलेले असते. २०२० च्या निकालात शिकवणीचा खर्च स्पष्टपणे मोजला आहे, फक्त तो वाजवी असावा, अवाजवी नको. अडचण वयाची होते. मुलगा बारावीला असताना किंवा नीटची दुसरी फेरी देताना अठरा पूर्ण करतो आणि कलम १४४ ची पोटगी थांबते. हिंदू कायद्यात अविवाहित मुलीला पुढेही संरक्षण आहे, मुलाला नाही. खर्च सगळ्यात जास्त असतो नेमका तेव्हाच हे होते. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान मुलाच्या शिक्षणाचा भार आईवर पडतो हे लक्षात घेऊन आईची रक्कम ठरवली. तो मार्ग आपल्याकडच्या वकिलांनीही धरावा.

वेळेचा प्रश्न उरतो. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली निघावा, असे कायदाच म्हणतो. थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो, नाही तर त्या महिन्यांवर वॉरंट निघत नाही. हे न कळल्याने कितीतरी आया जुनी रक्कम गमावतात. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे आणि त्यासाठी दोन्ही जिल्ह्यांत विधी सेवा प्राधिकरण आहे. शेतीच्या शपथपत्राचा नमुना सोप्या मराठीत छापून तिथे आणि प्रत्येक तालुका न्यायालयात ठेवावा, सोबत सातबारा, आठ-अ, ई-पीक पाहणी, ऊसबिल आणि बँक उतारा यांची यादी जोडावी. अर्ज लिहून घेतानाच ती यादी आईच्या हातात पडली, तर पहिल्या तारखेला बापाला विचारायचे प्रश्न तयार असतील.